वाढत्या अंगाचा स्वेटर

मासवणला स्वेटर लागतो, हे आमच्या मुंबईच्या नातेवाइकांना पटत नाही. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीच्या काठचं हे गाव. पालघर शहराचं पाणी इथूनच उचललं जातं. समुद्र फार लांब नाही, त्यामुळे वर्षातले बरेचसे महिने सदरा पाठीला चिकटलेला. अशा गावात लोकर कशाला? पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे सूर्येच्या पुलावर जो उभा राहिलाय, तो हे विचारणार नाही. नदीवर धुकं साचलेलं असतं, पेंढ्याच्या उडव्या दवाने भिजलेल्या, आणि एसटीची वाट बघणारी माणसं कानाला मफलर गुंडाळून गप्प उभी. डहाणूच्या हवामान केंद्रात जानेवारीचं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे काश्मीर नव्हेच. मोठ्या माणसाचं एका चादरीत भागतं. आठ-नऊ किलोच्या बाळाचं गणित मात्र निराळं आहे.

गणित असं. सत्तर किलोच्या माणसाची कातडी पसरली तर साधारण १.८ चौरस मीटर भरेल, म्हणजे दर किलोमागे सुमारे अडीचशे चौरस सेंटिमीटर. तीन किलोच्या नवजात बाळाची तशीच मोजली तर दर किलोमागे जवळजवळ सातशे. वर्षाचं झालं तरी पाचशेच्या घरात. उष्णता तयार होते शरीराच्या आत आणि निसटते ती कातडीवाटे; तेव्हा ज्याचं वजन कमी आणि कातडी जास्त, ते लवकर निवतं. त्यात नवजात बाळाला मोठ्यांसारखी थंडीने हुडहुडी भरत नाही. मान, खांदे आणि दोन फऱ्यांच्या मधल्या जागेत त्याच्याकडे एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब करतं. आपल्याकडची कुंची आठवा: डोकं, मान आणि पाठ एकाच कापडाखाली. ती शिवणाऱ्या आज्यांना तपकिरी चरबीची वार्ता नव्हती. पण बाळाला कुठे झाकायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

मासवणच्या पट्ट्यात बाळाच्या थंडीचा खरा बंदोबस्त पिढ्यान्‌पिढ्या गोधडीने केला आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्याने. स्वेटर आला तो बाळंतविड्यातून. झबली, टोपडी, कुंची, दुपटं यांच्या जोडीला कुठल्याशा आत्याने नाहीतर मावशीने विणलेला एक स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे असायचेच. मग बारशाला आलेल्या बायका तो उलटासुलटा करून बघणार, आतून गाठी मोजणार आणि ‘वीण दाट आहे हो’ असं प्रमाणपत्र देणार. दाट विणीचं हे कौतुक मला पुरतं मान्य नाही. का, ते पुढे येईल.

आधी धाग्याकडे बघू. लोकरीचा फूटभर धागा दोन्ही हातांत धरून ताणा. जरासा लांबतो आणि अडतो. आणखी ओढला तर तुटेल. आता त्याच धाग्याने विणलेल्या स्वेटरची मनगटाजवळची बॉर्डर ताणा. दीडपट होते, दुपटीच्याही जवळ जाते, आणि सोडली की पुन्हा जागेवर. धागा तोच, त्यात ना रबर ना इलॅस्टिक. मग हे ताणणं आलं कुठून?

ते आलं धाग्याला दिलेल्या वळणांतून. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सुटिंग-शर्टिंग आणि पडद्यांचं कापड निघतं, ते मागावरचं. त्यात उभे धागे सरळ, आडवे धागे सरळ, एकाआड एक वर-खाली गेलेले. असं कापड ओढलं की सरळ धागाच ओढला जातो, आणि सरळ धाग्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. विणकामात धागा कुठेच सरळ नाही. तो सतत वळत, फासे घेत जातो. आपण स्वेटर ताणतो तेव्हा धागा लांबत नाही, फाशाचा आकार बदलतो: उभट फासा आडवा पसरतो, वळण थोडं उघडतं. सोडल्यावर वाकवलेला धागा आपलं वळण पुन्हा घेतो. शिल्लक लांबी आधीच वळणांत साठवलेली असते, लागेल तेव्हा ती बाहेर येते. म्हणून बाळाने हात वर केला, रांगायला लागलं, वाकून मांजर पकडायला गेलं, तरी स्वेटर त्याच्या मागोमाग जातो.

आणि ही सगळी करामत फक्त दोन टाक्यांची. सुलट आणि उलट. खरं तर दोनही नाहीत, टाका एकच आहे. सुलट टाका कापडाच्या मागून बघितला की तो उलट दिसतो. जुन्या फाशातून नवा फासा ओढून घ्यायचा, एवढंच काम. तो आपल्याकडे ओढला की सुलट, पलीकडे ढकलला की उलट. हे शिकायला एक दुपार पुरते. पण या दोघांच्या जागा बदलून काय काय होतं ते बघा. एका बाजूने सगळे सुलट, दुसऱ्या बाजूने सगळे उलट विणलं की गुळगुळीत कापड मिळतं, पण त्याच्या कडा वळतात. डावी-उजवी कड मागे वळते, वरची-खालची कड पुढे. विणणाऱ्याला वाटतं आपला हात बिघडला. हात ठीक असतो. सुलट बाजूला धागा एका तऱ्हेने वाकलेला, उलट बाजूला दुसऱ्या तऱ्हेने, दोन्हीकडची ओढ सारखी नाही, म्हणून कापड आपोआप गुंडाळतं. त्यावरचा उपाय आज्यांनी कधीच काढून ठेवलाय: कडेला ‘एक सुलट, एक उलट’ची बॉर्डर. शेजारशेजारच्या टाक्यांच्या ओढी एकमेकींना तोलतात आणि कापड सपाट राहतं. शिवाय अशा बॉर्डरीत उलट टाके सुलट टाक्यांच्या मागे दडून बसतात. ताणलं की बाहेर येतात. मनगटाची बॉर्डर एवढी पसरते ती त्यामुळे. दोन्हीकडून सगळेच टाके सुलट विणले तर मात्र कापड आडवं न पसरता उभं लांबतं.

याचा पुरता हिशेब लावायचं काम शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत मनावर घेतलंय. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत एलिसाबेटा मात्सुमोतो या भौतिकशास्त्रज्ञ बाई आहेत. कृष्मा सिंगल आणि इतर सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा शोधनिबंध २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. त्यांनी विणीचे चार अगदी प्राथमिक प्रकार घेतले, कुठलीही आजी डोळे मिटून विणेल असे, आणि प्रत्येकाचं कापड ताणून किती बळाला किती लांबतं ते मोजलं. टाक्यांची मांडणी बदलली की त्याच धाग्याचं कापड मऊ होतं, कडक होतं, या दिशेने ताणतं, त्या दिशेने अडतं. म्हणजे सुलट-उलटची रांग ही एक आज्ञावली झाली, आणि कापडाचे गुण हे तिचं उत्तर. त्याच्याही आधी, १९५९ साली, मंडन नावाच्या ब्रिटिश वस्त्रतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की साध्या विणीचं कापड धुऊन निवांत पडलं की त्याची लांबी-रुंदी मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: एका टाक्यात किती लांबीचा धागा गेला. आपल्या बायका म्हणतात ना, ‘हिचा हात घट्ट आहे, तिचा सैल आहे’, ते हेच मोजमाप. दोघी जणी तीच लोकर, त्याच सुया, तेवढेच टाके घेऊन बसल्या तरी एकीचा स्वेटर सहा महिन्यांच्या बाळाला होतो आणि दुसरीचा दीड वर्षाच्या.

आता एका वर्षाच्या बाळाच्या स्वेटरात हे किती वेळा घडतं ते मोजू. ८ नंबरच्या सुया घेऊ, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. आपल्याकडे अजून जुना ब्रिटिश क्रमांक चालतो. आकडा वाढला की सुई बारीक होते, त्यामुळे नव्या माणसाचा हमखास गोंधळ. मध्यम जाडीच्या लोकरीने या सुयांवर १० सेंटिमीटरला साधारण २२ टाके बसतात आणि उंचीला ३० ओळी. छातीपाशी स्वेटराचा घेर सैलसर ५५ सेंटिमीटर धरला की एका ओळीत १२० टाके. उंची ३० सेंटिमीटर, म्हणजे ९० ओळी. अंगाचेच झाले दहा हजारांवर टाके. दोन बाह्यांचे पाचेक हजार. गळा-मुंढ्याची घट वजा करून एकूण पंधरा हजारांच्या आसपास. एका टाक्यात दीड-पावणेदोन सेंटिमीटर धागा जातो. सगळा मिळून अडीचशे मीटर. एवढा धागा मासवणच्या नाक्यापासून पसरत नेला तर वळणापलीकडे जाईल. तो कुठेही न कापता, न शिवता, बाळाच्या अंगाचा आकार घेऊन बसतो. मिनिटाला पंचवीस टाक्यांच्या वेगाने पंधरा हजार टाके म्हणजे नुसते हात चालण्याचे दहा तास. उसवणं, मोजणं, चहा आणि दारावरचे पाहुणे निराळे. नेदरलँड्सच्या मिरियम टेगेल्स यांनी २००६ साली एका मिनिटात ११८ टाके विणून विक्रम केला होता, पण त्यांना मध्येच कुकरची शिट्टी ऐकायची नव्हती.

हे दहा तास कुठे सापडतात? आमच्याकडे लोकलमध्ये. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावायला लागल्या आणि पालघर-बोईसरच्या नोकरदार बायकांना बसायला जागा मिळाली तर दोन तासांचा अखंड वेळ हाती आला. कुणी मटार सोलतं, कुणी मेथी निवडतं, कुणी स्तोत्र म्हणतं. आणि एखादीच्या पर्समधून लोकरीचा धागा वर येत असतो. तिच्या सुया बघाव्यात. लांब सरळ सुयांची जोडी गर्दीत शेजारणीच्या बरगडीत जाते, म्हणून गाडीतल्या विणणाऱ्या बायका गोल सुई वापरतात, दोन आखूड टोकं आणि मध्ये लवचीक नळी. हात बघावा तर उजव्या हाताच्या तर्जनीवर धागा, करंगळीला त्याचाच एक वेढा. त्या वेढ्याने धाग्याचा ताण पंधरा हजार वेळा सारखा राखायचा. डोळे खिडकीबाहेर. केळवे रोड गेलं, सफाळे गेलं, वैतरणेचा पूल आला, बोटं चालूच. चुकलं तर डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. शेजारीण विचारते, ‘‘कोणाला गं?’’ ‘‘नणंदेच्या लेकीच्या मुलाला. मासवणला असतात.’’ ‘‘गळा केवढा घेतलास?’’

हा प्रश्न जाणकार बाईचा. बाळाच्या स्वेटरातला सगळ्यात अवघड भाग गळा, कारण बाळाचं डोकं. जन्मतः डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि छाती त्याहून दोनेक सेंटिमीटर लहान. साधारण वर्षाच्या सुमारास दोन्ही घेर सारखे होतात, ४५-४६ सेंटिमीटरच्या आसपास. पुढे छाती डोक्याला मागे टाकते. मोठ्या माणसाच्या स्वेटराची नुसती लहान प्रत काढली तर ती बाळाच्या डोक्यातच अडकते. गळा मोठा ठेवावा तर खांद्यावरून घसरतो आणि नेमकी मान-पाठ उघडी पडते. यातून विणणाऱ्यांनी वाटा काढल्या. खांद्यावर दोन-तीन बटणं. बॉर्डर ताणून पसरणारा गळा. नाहीतर सरळ पुढून उघडा स्वेटर. आमच्या हवेत हा शेवटचा उत्तम. पहाटे गारठा आणि दहाच्या सुमाराला उकाडा, तेव्हा झोपलेल्या बाळाला न हलवता पुढची बटणं काढून स्वेटर उतरवता आला पाहिजे. उबेइतकंच जास्त ऊब न होणंही महत्त्वाचं. तळहात-तळपाय गार लागले म्हणून घाबरून थरावर थर चढवू नयेत, मानेमागे हात लावून बघावा; घाम लागला तर काढायचा. आणि झोपताना टोपी डोक्यावर ठेवायचीच नाही.

आता दाट विणीबद्दल. स्वेटर ऊब देतो म्हणजे काय देतो? धागा स्वतः उष्णता तयार करत नाही. तो हवा अडवून धरतो. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक, आणि स्वेटराच्या आकारमानातला मोठा हिस्सा हवेचाच असतो. टाक्यांच्या पोटात, दोन ओळींच्या मध्ये, धाग्याच्या केसांमध्ये अडकलेली हवा बाळाची ऊब बाळापाशी ठेवते. वीण आवळून आवळून दाट केली की धागा वाढतो, हवा घटते, स्वेटर जड आणि ताठ होतो. बारशातल्या बायकांचं प्रमाणपत्र त्यामुळे मला अर्धंच पटतं. अर्धं पटतं, कारण फार सैल विणीतून हवा टिकत नाही, आणि वारा सुटला तर अजिबातच नाही. मासवणहून पालघरला मोटारसायकलवर बाळाला पुढ्यात घेऊन निघालात की त्या वाऱ्यात निव्वळ स्वेटर फोल. वारा आत साठवलेली हवा उपसून काढतो. वरून एक घट्ट विणीचं कापड, साधं दुपटंसुद्धा, गुंडाळलं की तोच स्वेटर पुन्हा कामाला लागतो. ओला झाला तरी कामातून जातो, कारण पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. बाळाच्या लाळेने भिजलेली गळ्याखालची जागा म्हणून गार पडते. लाळेरं बांधायचं ते स्वेटराच्या वर.

राहिला धागा. बाजारात आपण ‘लोकर’ म्हणून जे गुंडे आणतो त्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरात बघा, बहुतेकांवर शंभर टक्के अॅक्रिलिक लिहिलेलं असतं. त्यात मेंढीचा काही संबंध नाही. १९५० साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने ‘ऑर्लॉन’ नावाने बाजारात आणलेल्या तंतूचं हे गोत्र. स्वस्त, हलकं, रंग पक्के, यंत्रात धुता येतं, कसर लागत नाही. हिणवण्यासारखं त्यात काही नाही. खऱ्या लोकरीची गंमत मात्र तिच्याकडेच. मेंढीच्या केसाच्या आत दोन उभे अर्धे भाग निराळ्या घडणीचे असतात, त्यामुळे केस जन्मतःच कुरळा, आणि कुरळेपणात हवा. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ओल शोषताना थोडी ऊबही सोडते. अॅक्रिलिक जेमतेम एक-दोन टक्के ओल घेतं.

मग आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचा स्वेटर का करत नाहीत? तिची घोंगडी उत्तम, पण तंतू जाड. ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोकं कातडीवर वाकत नाहीत, टोचतात; अशी टोकं शंभरात पाचाहून जास्त झाली की अंगाला खाज सुटते. मेरिनो मेंढीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो, तो वाकतो म्हणून मऊ लागतो. वारकऱ्याच्या खांद्यावर घोंगडी शोभते, बाळाच्या मानेला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत फार महत्त्वाची आहे. न्हाऊ घातल्यावर बाळाला ओव्याची नाहीतर बाळंतशेपांची धुरी द्यायची, शेगडीजवळ शेकायचं, ही रीत पालघरच्या गावांत अजून चालते. अॅक्रिलिक पेटतं आणि पेटताना वितळून चिकटतं. सुतीही झटकन पेट घेतं. खरी लोकर सहसा धुमसते आणि विस्तवापासून दूर नेली की विझते. तेव्हा शेगडीपाशी बाळाच्या अंगात अॅक्रिलिकचा स्वेटर नको, एवढं ठरवून टाकावं. मासवणच्या हवेसाठी मला विचाराल तर मऊ सुती धाग्याचा एक आणि बारीक लोकरीचा एक, असे दोन असावेत; एकच विणायचा असेल तर सुती.

आतल्या बाजूबद्दल बारशातल्या बायका बरोबर असतात, त्यांनी उलटून बघितलंच पाहिजे. रंगीत नक्षी विणताना जो रंग त्या क्षणी वापरात नाही त्याचा धागा मागून मोकळा जातो. चार-पाच टाक्यांपेक्षा लांब धागा मोकळा राहिला की बाही घालताना बाळाची बोटं त्यात अडकतात. हातमोजे-पायमोज्यांत तर सुटा धागा बोटाभोवती गुंडाळून रक्तप्रवाह अडवू शकतो; बाळ विनाकारण रडतंय असं वाटतं आणि कारण मोज्याच्या आत असतं. गळ्याला ओढायच्या नाड्या नकोत. बटण धाग्याने दोनदा पक्कं करावं, कारण बाळ ते आधी तोंडाने तपासणार.

एवढी हुशार कला आपल्या देशात इतकी उशिरा का आली, याचं मला फार कुतूहल वाटतं. सुयांवर विणलेल्या सगळ्यात जुन्या वस्तूंमधल्या काही इजिप्तमध्ये सापडल्या, सुमारे आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्या लोकरीच्या नव्हेत, सुती; निळ्या-पांढऱ्या नक्षीचे पायमोजे. त्याच काळात, त्याच इजिप्तच्या फुस्तात शहरात गुजरातची ठशांनी छापलेली सुती कापडं जात होती. त्यांचे तुकडे तिथल्या उकिरड्यांतून निघालेत. म्हणजे या किनाऱ्याचं कापड मोज्यांच्या गावापर्यंत पोचलं होतं, मोज्यांची विद्या मात्र गलबतात बसून परत आली नाही. माझा तर्क असा की आपल्याला तिची गरजच पडली नाही. लुगडं, धोतर, उपरणं, शेला ही सगळी न कापलेली कापडं. ती अंगाभोवती गुंडाळली की अंगाप्रमाणे बसतात. अंगाला घट्ट बसणारी बाही आणि पाय झाकणारा मोजा ज्यांना हवा, त्यांनी फासे विणले. दोन सुयांवरचं विणकाम आपल्याकडे युरोपीय लोकांबरोबर आलं, मिशनच्या शाळांतून मुलींना शिकवलं गेलं आणि मग मध्यमवर्गीय घरांत असं मुरलं की १९६२च्या युद्धात हिमालयातल्या जवानांसाठी बायका घरोघर स्वेटर विणत बसल्या.

यंत्राने ही विद्या फार लवकर पकडली होती. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणणारं यंत्र केलं, प्रत्येक टाक्याला एक आकडेदार सुई. १९९५ साली जपानच्या शिमा सेकी कंपनीने अख्खा स्वेटर एका दमात, बिनशिवणीचा काढणारं यंत्र आणलं. लोकलमधली बाई गोल सुईवर जे करते तेच ते, फक्त वेगाने.

पण बाळाच्या भेटीसाठी हातविणीचा एक गुण माझ्या लेखी सगळ्यात मोठा आहे: ती मागे नेता येते. प्रत्येक टाका त्याच्या वरच्या टाक्याने धरून ठेवलेला असतो, वरच्याला त्याच्या वरचा. शेवटची ओळ तेवढी बंद केलेली. ती बंद सोडवून टोक ओढलं की पंधरा हजार टाके एकामागून एक सुटतात आणि हातात पुन्हा अखंड धागा येतो, एकही गाठ नसलेला. गणिताच्या भाषेत सगळा स्वेटर म्हणजे गाठ न मारलेला दोराच. मधला एक टाका सुईवरून निसटला तर तोही याच नियमाने खाली खाली सुटत जातो. घाबरायचं नाही, क्रोशाच्या सुईने एकेक पायरी उचलत वर आणायचा. उसवलेला धागा नूडल्ससारखा कुरळा निघतो, कारण प्रत्येक टाक्याचं वळण त्याने लक्षात ठेवलेलं असतं. खऱ्या लोकरीची लडी करून कोमट पाण्यात भिजवली आणि खाली थोडं वजन लावून टांगली की तो सरळ होतो. अॅक्रिलिकवर मात्र गरम इस्त्री किंवा वाफ कधी धरू नये. त्याचं स्प्रिंगपण कायमचं जातं, कापड लुळं पडतं.

पहिल्या वर्षात बाळ सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात १२च्या आसपास. बारशाला विणलेला स्वेटर पुढच्या हिवाळ्यात बाळाला होतच नाही. आपल्याकडे त्यावर ‘वाढत्या अंगाचा घ्या’ हा तोडगा, म्हणजे पहिलं वर्ष लोंबणारा आणि दुसऱ्या वर्षी तोकडा. विणणाऱ्याला याहून चांगला मार्ग आहे. स्वेटर गळ्यापासून खाली विणावा, रॅगलन पद्धतीने: गळ्याचे टाके घालायचे, चार ठिकाणी तिरप्या रेषेत वाढवत काखेपर्यंत यायचं, मग अंग आणि बाह्या खाली उतरवायच्या. असं केलं की बाहीचा आणि कमरेचा शेवट हा विणीचाही शेवट असतो. वर्षाने ती बॉर्डर उसवायची, टाके सुईवर उचलायचे, पाच सेंटिमीटर विणून पुन्हा बॉर्डर. छाती फार बदलत नाही. लांबी बदलते, आणि तीच वाढवता येते. खालून वर विणलेल्या स्वेटरात हे जमत नाही, कारण टाके घातलेल्या बाजूने धागा सहज उसवत नाही. तिथे एक टाका कात्रीने कापून ओळ सोडवावी लागते, आणि कात्री लावायला भल्याभल्यांचा हात धजत नाही.

एवढ्यासाठी लोकर घेताना एक गुंडा जास्तीचा घ्यावा. पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉट नंबर छापलेला असतो, सगळ्या गुंड्यांवर तो एकच आहे ना ते दुकानातच तपासावं. रंग तोच, लॉट निराळा, की पुढच्या वर्षी जोडलेल्या पाच सेंटिमीटरची छटा लांबून ओळखू येते. तो जादा गुंडा, दोन सुटी बटणं आणि ती पट्टी स्वेटराबरोबर बाळंतविड्यातच द्यावी, आणि मासवणच्या आजीला सांगावं की हे फेकू नका, पुढच्या दिवाळीनंतर लागणार आहे.